ऑफिसातल्या मैत्रिणीचं बाळंतपण आणि तिच्या बहिणीचं डूलाचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. अटलांटाच्या दक्षिणेकडच्या उपनगरात राहणाऱ्या एका मराठी बाईंची ऑफिसातली मैत्रीण कृष्णवर्णीय आहे. पहिलटकरीण, सातवा महिना लागलाय. तिची धाकटी बहीण डूलाचं, म्हणजे बाळंतपणात आणि त्यानंतर बाईला सोबत आणि आधार देण्याचं शिक्षण घेते आहे. बाईंनी विचारलंय: "कृष्णवर्णीय बायकांचं बाळंतपण इथे जास्त धोक्याचं असतं असं सारखं वाचनात येतं. हे कितपत खरं? तिला आणि तिच्या बहिणीला आधार कुठे मिळेल? आणि मी मराठी बाई, मी यात पडावं का?"

मी अटलांटात आधी प्रसूती वॉर्डात नर्स होते, पुढे नर्स-मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणं करणारी प्रशिक्षित नर्स झाले. त्यामुळे वॉर्डाच्या आतलं आणि बाहेरचं, दोन्ही सांगते.

धोका खरा आहे. २०२३ सालच्या सरकारी आकड्यांनुसार अमेरिकेत एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या माता १४.५. आपल्याला अंदाज यावा म्हणून सांगते: २०१८ ते २०२० या काळातला आपल्या महाराष्ट्राचा हाच आकडा ३३ होता. म्हणजे गडचिरोली-नंदुरबार धरून अख्ख्या महाराष्ट्राची जी सरासरी, तिच्याहून वाईट अवस्था जगातल्या सगळ्यात महागड्या आरोग्यव्यवस्थेत कृष्णवर्णीय बाईच्या वाट्याला येते.

हे ऐकलं की आपल्याकडच्या लोकांच्या मनात पहिली गोष्ट येते ती गरिबी. तुमची मैत्रीण शिकलेली, चांगल्या नोकरीतली, विमा असलेली, मग तिला कसली भीती? दुर्दैवाने शिक्षणाने हा फरक मिटत नाही. सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्याच्या केंद्रीय संस्थेने, २०१९ मध्ये मांडलेल्या विश्लेषणात पदवीधर कृष्णवर्णीय बायकांचा मृत्युदर शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या बायकांपेक्षा जास्त निघाला. जास्त म्हणजे १.६ पट. डॉ. शॅलन अर्विंग तर खुद्द सीडीसीत साथरोगतज्ज्ञ होत्या, इथेच अटलांटात. आरोग्यातली विषमता हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. जानेवारी २०१७ मध्ये, मुलगी झाल्यावर तीन आठवड्यांनी, रक्तदाबाच्या गुंतागुंतीने त्या गेल्या. त्या तीन आठवड्यांत त्या स्वतः पुन्हा पुन्हा डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेल्या होत्या. त्याच वर्षी सेरेना विल्यम्सला बाळंतपणानंतर फुफ्फुसात गुठळी झाली. आधी गुठळ्यांचा त्रास होऊन गेल्यामुळे तिला लक्षण ओळखता आलं आणि तपासणीसाठी तिलाच हट्ट धरावा लागला. जगातली एक नंबरची टेनिसपटू, आणि आपल्या शरीराबद्दल तिला असं पटवून द्यावं लागतं!

दुसरा समज म्हणजे "त्यांच्या रक्तातच काहीतरी असेल". याला १९९७ साली डेव्हिड आणि कॉलिन्स या दोन डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी तपासून चोख उत्तर दिलं. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय बायकांच्या बाळांची वजनं अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय बायकांच्या बाळांपेक्षा गोऱ्या बायकांच्या बाळांच्या जवळची निघाली. रक्तात असतं तर उलट व्हायला हवं होतं. संशोधक आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये याबद्दल जी मांडणी केली, तिचा सारांश असा की जन्मभर सोसलेला भेदभाव शरीराला अकाली झिजवतो. त्यात वॉर्डातली वागणूक येऊन पडते. व्हर्जिनिया विद्यापीठात २०१६ साली झालेल्या पाहणीत वैद्यकीय विद्यार्थी आणि शिकाऊ डॉक्टरांपैकी निम्म्यांनी "काळ्या माणसाची कातडी जाड असते" अशा धर्तीचं किमान एक तरी खोटं विधान खरं मानलं होतं. असं मानणाऱ्याला समोरच्या बाईचं दुखणं कमीच वाटणार.

आता खरा मुद्दा. मदतीच्या याद्या भरपूर मिळतील, तुम्ही त्या आधीच उतरवून घेतल्या असतील. माझी तक्रार अशी की बहुतेक याद्या गरोदरपणावर लट्ठ आणि बाळंतपणानंतरच्या काळावर रोडावलेल्या असतात. बाया मरतात कधी ते पाहा. २०१७ ते २०१९ या काळातल्या मृत्यूंचा राज्याराज्यांतल्या समित्यांनी आढावा घेतला, त्यात ५३ टक्के मृत्यू बाळंतपणाला आठवडा उलटल्यापासून वर्षभरापर्यंतचे होते. आणि एकूण मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून जास्त टाळता येण्यासारखे. इकडे नॉर्मल बाळंतिणीला दोन दिवसांत घरी पाठवतात आणि पुढची भेट बरेचदा थेट सहाव्या आठवड्यात. आपला जो सव्वा महिना, ज्यात ओल्या बाळंतिणीला खाली ठेवत नाहीत, नेमका तोच काळ इथे मोकळा सोडलेला असतो. आपल्या मुलींच्या आया व्हिसा काढून मुंबई-पुण्याहून येतात. तुमच्या मैत्रिणीची आई नोकरी करत असेल तर दोन-चार दिवसांची रजा काढून येईल आणि जाईल. म्हणून जी काही मदत उभी करायची ती तारखेच्या पुढच्या सहा आठवड्यांसाठी करा. डोहाळे पुरवायला सगळेच असतात.

रक्तदाबाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण घरी बसून करता येण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे. बाळ झालं, वार पडली, म्हणजे प्रीएक्लाम्प्सियाचा, गरोदरपणाशी निगडित रक्तदाब वाढण्याच्या आजाराचा, धोका टळला असं नाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत तो नव्यानेही उद्भवतो. बीपीचं मशीन घरी हवं, मनगटावरचं नको, दंडावरचं. कफ तिच्या दंडाच्या मापाचा हवा. दंड जाड आणि कफ लहान असेल तर आकडा खोटा चढतो, आणि दोनदा खोटा चढला की तिसऱ्यांदा खरा चढला तरी बाई दुर्लक्ष करते. बाळाला पाजून झाल्यावर पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, मांडी घालायची नाही, दंड छातीच्या उंचीवर, तोंडाने बोलायचं नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आकडा तारखेसह वहीत. १४०/९० किंवा वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन. १६०/११० ला पोचला तर फोनवर थांबायचं नाही, सरळ इमर्जन्सी. आणि आकडा काहीही असो, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, धाप लागणं, एकाच पायाला सूज, तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, यातलं काही झालं तरी निघायचं. कृष्णवर्णीय बायकांच्या बाळंतपणाशी निगडित मृत्यूंत हृदयाचे आजार सगळ्यात वर आहेत. आडवं झाल्यावर धाप लागते आणि उशा वाढवाव्या लागतात, हे "बाळंतपणाचा थकवा" म्हणून सोडून द्यायचं लक्षण नाही.

इमर्जन्सीत गेल्यावर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं ते आधीच ठरवून ठेवा: "माझं बाळंतपण होऊन नऊ दिवस झालेत." दुखण्याच्या आधी हे. खिडकीपाशी बसलेल्या माणसाला समोर बाळ दिसत नाही, पोट दिसत नाही. त्याच्या लेखी ती डोकं दुखणारी एक तरुण बाई असते आणि रांगेत मागे जाते. सीडीसीच्या २०२० पासून चाललेल्या मोहिमेचंही हेच सांगणं आहे की वर्षभरात गरोदर होते, हे आधी सांगा.

वॉर्डात कुणी ऐकत नसेल तर काय? "तपासणी नाकारली असं माझ्या चार्टवर लिहा" हा सल्ला हल्ली सगळीकडे फिरतो. वाईट नाही, पण मी तो तिसऱ्या पायरीला ठेवीन. पहिल्या पायरीला विचारायचं, "हे दुसरं काय असू शकतं, आणि ते नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत?" या प्रश्नावर चांगला डॉक्टर थांबतो. नाही थांबला तर चार्ज नर्सला बोलवा म्हणायचं. प्रत्येक पाळीत एक असतेच, आणि डॉक्टरच्या वरच्याला फोन लावायची वाट तिला ठाऊक असते. बऱ्याच हॉस्पिटलांत घरच्यांना स्वतः तातडीचं पथक बोलवता येतं, त्याचा नंबर खोलीतल्या भिंतीवर चिकटवलेला असतो आणि कुणी वाचत नाही. हे सगळं कळा देणाऱ्या बाईने करायचं नसतं. त्यासाठी दुसरं माणूस लागतं. नवरा, आई, बहीण, डूला, कोणीही, पण एक ठरलेलं.

आणि हे माणूस सोबत असण्याचा परिणाम मोजलेला आहे. कळांच्या काळात सतत सोबत मिळाल्याने काय होतं यावरच्या २६ चाचण्या, १५ हजारांहून जास्त बायका, त्यांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये आला. सिझेरियनचं प्रमाण कमी, कळांचा काळ थोडा कमी, बाळंतपणाबद्दलची नाराजी कमी. औषध कंपनीच्या गोळीने एवढं केलं असतं तर ती प्रत्येक वॉर्डात मोफत वाटली असती.

आता अटलांटात कुणाकडे जायचं. तुम्ही राहता तिथेच हे काम सगळ्यात दाट आहे, हे तुमच्या मैत्रिणीचं नशीब. ब्लॅक मामाज मॅटर अलायन्सचं मुख्यालय अटलांटात आहे. देशभरच्या कृष्णवर्णीय बायकांनी चालवलेल्या संस्थांची ती आघाडी आहे. २०१८ पासून दर ११ ते १७ एप्रिलला त्यांचा माता-आरोग्य सप्ताह असतो. तिथून थेट सेवा मिळेल असं नाही, पण त्यांच्या सदस्य संस्था सेवा देतात. सिस्टरसाँग ही १९९७ पासूनची संस्था, तीही इथलीच. बाळंतपणाच्या खर्चासाठी, डूला किंवा मिडवाइफचं मानधन भरण्यासाठी त्या कुटुंबांना निधीतून मदत करतात. अंगावर पाजण्याबद्दल रोझ नावाची संस्था आहे, पूर्ण नाव रीचिंग अवर सिस्टर्स एव्हरीव्हेअर, २०११ सालची. पाजण्यात अडचण आली की पहिल्या आठवड्यातच त्यांना गाठा, दूध आटल्यावर नको. मोअरहाउस स्कूल ऑफ मेडिसिन या ऐतिहासिक कृष्णवर्णीय वैद्यकीय महाविद्यालयात माता-आरोग्य समतेचं स्वतंत्र केंद्र आहे. हेल्दी मदर्स हेल्दी बेबीज कोअलिशन ऑफ जॉर्जिया ही राज्यभराची जुनी संस्था फोनवरून जवळचा डॉक्टर, क्लिनिक शोधून देते. अटलांटाबाहेरच्यांना याची गरज जास्त, कारण राज्यातल्या १५९ काउंटींपैकी जवळपास निम्म्या काउंटींत प्रसूतितज्ज्ञच नाही.

हॉस्पिटल अजून ठरायचं असेल किंवा बदलता येत असेल तर अर्थ (Irth) नावाचं ॲप पाहायला सांगा. पत्रकार किंबर्ली सील्स ॲलर्स यांनी काढलेलं. कृष्णवर्णीय आणि इतर गौरेतर आयांनी आपापल्या डॉक्टरांबद्दल, हॉस्पिटलांबद्दल लिहिलेले अनुभव त्यात असतात. हॉटेलचे रिव्ह्यू वाचून जेवायला जाणाऱ्या आपण बाळंतपणाला मात्र नकाशात जवळ दिसेल त्या ठिकाणी जातो.

मन ढासळलं तर रात्री तीन वाजताही उचलला जाणारा सरकारी फोन आहे: १-८३३-८५२-६२६२. मे २०२२ पासून सुरू, फुकट, चोवीस तास, दुभाषी मिळतो. हा तुमच्या स्वतःच्या फोनमध्येही साठवा. आपल्या मंडळातल्या किती बाळंतिणी "सगळं छान चाललंय" म्हणत न्हाणीघरात रडून येतात, मला माहीत आहे.

पैशाच्या बाजूला घाईने जाते. ऑफिसचा विमा असेल तर ब्रेस्ट पंप आणि पाजण्याचं मार्गदर्शन त्यात बसतं. नोकरी सुटली किंवा उत्पन्न घटलं तर मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्यविमा, आणि जॉर्जियात २०२२ पासून ते बाळंतपणानंतर पूर्ण वर्षभर चालू राहतं. पूर्वी दोन महिन्यांत बंद व्हायचं. डब्ल्यूआयसी ही सकस अन्नाची योजना ठरावीक उत्पन्नाखालच्यांसाठी आहे, पण मर्यादा लोकांना वाटते तितकी खाली नाही. अर्ज करून बघायला काय जातं? रजेचं मात्र अवघड आहे. केंद्राचा कायदा बारा आठवड्यांची रजा देतो ती बिनपगारी, आणि तीही पन्नास किंवा जास्त माणसांच्या कंपनीत, वर्षभर नोकरी झाली असेल तर. गरोदरपणात जड उचलणं, उभं राहणं यांत सवलत मागण्याचा हक्क मात्र जून २०२३ पासून लागू झालेल्या कायद्याने दिलाय. तो एचआरला आठवण करून द्यावा लागतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न, मी यात पडावं का. पडा, पण तिची डूला व्हायला जाऊ नका, आणि तिच्या डॉक्टरांशी भांडायलाही नको. वर्णाचा हा अनुभव आपला नाही. किंबहुना आपल्या घरांतून, मंडळांतून "ती काळ्यांची वस्ती आहे, तिकडे घर नको" ही वाक्यं सर्रास ऐकू येतात, ती आपणही ऐकून घेतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. त्या अर्पणपत्रिकेचा अभिमान सांगणारी मंडळी इथे आल्यावर घर बघताना शेजार कोणाचा हे आधी विचारतात. असो. हा विषय निघाला की मी वाहवत जाते.

तुम्ही करण्यासारखं बरंच आहे. कंपनीत रजा दान करायची सोय असेल तर पुढाकार घेऊन सहकाऱ्यांकडून दिवस गोळा करा. दहा जणांनी एकेक दिवस दिला तरी दोन आठवडे पगारी झाले. बेबी शॉवरला चौथा ब्लँकेटचा सेट नेण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून बीपी मशीन द्या, कफचं माप विचारून, आणि उरलेले पैसे बाळंतपणानंतरच्या डूलाच्या मानधनात घाला. तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी फोन करा, आणि "बाळ कसं आहे" आधी विचारू नका. ते सगळेच विचारतात. "आज बीपी किती आलं, डोकं दुखतंय का, झोप किती झाली", हे विचारा. जेवण पोचवा, पण तिला काय चालतं ते विचारून. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर हौसेने केलीत तर एक डबा पुरे, दुसरा तिने मागितला तरच. वॉर्डात एका सूनबाईंच्या सासूबाईंनी शेजारच्या खाटेवरच्या कृष्णवर्णीय बाळंतिणीला बाळंतशेपा चघळायला दिला होता आणि तिनेही बिचारीने "काय हे" न विचारता चघळला, नंतर चव आवडली म्हणून पुडी मागून घेतली. प्रत्येक वेळी असं होईलच असं नाही.

राहिली बहीण. तिच्याबद्दल मी जास्त काळजीत असते, कारण मदतीच्या यादीत ज्यांची नावं असतात त्या बायकांना कोण सांभाळतं हे कुणी विचारत नाही.

थोडं मागे जाऊ. या दक्षिणेतल्या राज्यांत विसाव्या शतकाच्या निम्म्यापर्यंत कृष्णवर्णीय बायकांची, आणि अनेक गरीब गोऱ्या बायकांचीही, बाळंतपणं कृष्णवर्णीय सुइणी करत होत्या. आता त्यांना ग्रँड मिडवाइफ म्हणतात. ऑल्बनी, जॉर्जियाच्या मेरी कोली यांनी तीन हजारांवर बाळंतपणं केली. त्यांचं काम इतकं नेटकं होतं की राज्याच्या आरोग्यखात्यासाठी १९५३ साली त्यांच्यावरच प्रशिक्षणाचा चित्रपट बनवला गेला. पण माता-बाळांच्या आरोग्यासाठी झालेल्या १९२१ च्या केंद्रीय कायद्यानंतर नोंदणी, परवाने, वर्ग सुरू झाले. गोऱ्या सरकारी नर्सेस येऊन सुइणीची पिशवी उपसून तपासायच्या, घरातली जडीबुटी टाकायला लावायच्या. स्वच्छतेचं शिक्षण काही खोटं नव्हतं, पण पुढे परवाने वाढवायचेच थांबवले. शेजारच्या अलाबामाने १९७६ मध्ये अशा सुइणींचं काम बेकायदा ठरवलं. पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आणि घरोघर जाणारं माणूस, दोन्ही एका फटक्यात गेलं, आणि त्या जागी हॉस्पिटल आलं ते साठ मैलांवर. आपल्याकडे सुईणपण ज्या जातींकडे होतं, त्यांच्या हाताला विटाळ आणि ज्ञानाला अडाणीपणा ठरवून आपण काय केलं, हे वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आज अमेरिकेतल्या प्रमाणित नर्स-मिडवाइफांत कृष्णवर्णीय बायका शेकडा सातच्या आसपास आहेत.

तेव्हा ती बहीण नवं फॅड शिकत नाहीये, तुटलेला धागा जोडते आहे, हे तिला ठाऊकच असेल. तिला सांगायचं ते पोटापाण्याचं. अडतिसाव्या आठवड्यापासून बेचाळिसाव्यापर्यंत डूलाचा फोन उशाशी असतो. महिन्याला तीनपेक्षा जास्त बायका घेतल्या की एका रात्रीत दोघींना कळा सुरू होतातच. बाळंतपण कधी सहा तासांत आटपतं, कधी तीस तास चालतं. मानधन तेच. ज्या घरांना तिची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांना ते परवडत नाही, म्हणून ती कमी घेते, मग फुकट करते, आणि दोन वर्षांत थकून विमा कंपनीत नोकरीला लागते. मी असं होताना अनेकींच्या बाबतीत पाहिलंय, आणि त्यातल्या काही माझ्या पाहण्यातल्या सगळ्यात हुशार डूला होत्या.

यावर राज्यांनी काढलेला तोडगा म्हणजे मेडिकेडमधून डूलाला पैसे. मिनेसोटा आणि ओरेगन यात आधी उतरले, न्यू जर्सीने जानेवारी २०२१ ला, कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२३ ला सुरू केलं. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात डूलाने स्वतःची नोंदणी करायची, ओळख क्रमांक काढायचा, दायित्व विमा घ्यायचा, प्रत्येक विमा कंपनीशी वेगळा करार करायचा, मग बिलं भरायची आणि वाट बघायची. जिथे एखादी संस्था दहा-बारा डूलांची बिलं एकत्र भरते तिथेच हे चालतं. बहिणीने उद्या दुसऱ्या राज्यात जायचं ठरवलं तर आधी हे विचारावं. जॉर्जियात मुख्यतः खासगी मानधन आणि देणगीवर चालणाऱ्या संस्था यांवरच भिस्त आहे.

एकटीने करू नये, हे महत्त्वाचं. वॉशिंग्टनचं मामाटोटो व्हिलेज, ब्रुकलिनचं एन्शंट साँग, कॅन्सस सिटीचं उझाझी व्हिलेज या संस्था पाहाव्यात. तिथे कृष्णवर्णीय डूला तयार होतात आणि संस्थेच्याच छताखाली काम करतात. फ्लॉरिडात जेनी जोसेफ या इंग्लंडमध्ये शिकलेल्या मिडवाइफने कॉमनसेन्स चाइल्डबर्थ उभं केलं. कुणालाही परत न पाठवणारं क्लिनिक आणि सोबत मिडवाइफरीची शाळा. पुढे मिडवाइफ व्हायचं असेल तर ती शाळा बघण्यासारखी आहे. नॅशनल ब्लॅक डूलाज असोसिएशन आणि न्यू ऑर्लिन्सच्या सिस्टा मिडवाइफ प्रॉडक्शन्स यांच्या निर्देशिका आहेत, त्यात नाव घालावं. बायका तिथूनच शोधतात. तुमच्या मैत्रिणीलाही बहिणीऐवजी त्रयस्थ डूला हवी असेल तर तिथेच सापडेल, आणि खरं सांगायचं तर मी तसाच सल्ला देईन. बहिणीच्या कळांत बहीण ही बहीणच असते. दोन बायका असतील तर एक रडू शकते आणि दुसरी मॉनिटरकडे बघू शकते.

शिकताना एक गोष्ट मुद्दाम मनात ठेवायला सांगा. प्रीएक्लाम्प्सियाचा धोका असणाऱ्या बायकांना कमी मात्रेची ॲस्पिरिन, इथे ८१ मिलिग्रॅमची मिळते, बाराव्या आठवड्यापासून देतात, सोळाव्याच्या आत सुरू केली तर उत्तम. मैत्रिणीला आतापर्यंत सुरू केली नसेल तर ती उत्तम वेळ टळली, पण अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत सुरू करता येते, तेव्हा तिने डॉक्टरांना लगेच विचारावं. पण बहिणीकडे पुढे ज्या बाया तिसऱ्या महिन्यात येतील त्यांना "डॉक्टरांना ॲस्पिरिनबद्दल विचारलंत का" एवढं तिने विचारलं तरी पुरे. औषध सुचवणं डूलाचं काम नाही, प्रश्न हातात देणं आहे.

एप्रिल आला की कंपन्या, हॉस्पिटलं कृष्णवर्णीय डूलांना भाषणाला बोलावतात, आणि निमंत्रणात मानधनाचा उल्लेख नसतो. तिने दर ठरवून लेखी कळवावा. तुमच्या कंपनीतही असा कार्यक्रम होत असेल तर हा पैसा बजेटमध्ये धरायला लावणं तुमच्या हातात आहे, तिच्या नाही. १९५१ साली साउथ कॅरोलायनातल्या मॉड कॅलन या नर्स-मिडवाइफवर एका मासिकात छायाचित्रांची मालिका आली, तेव्हा वाचकांनी नुसती स्तुतीची पत्रं लिहिली नाहीत. इतके पैसे पाठवले की १९५३ मध्ये तिचं स्वतःचं क्लिनिक उभं राहिलं.

शेवटचं, बहिणीसाठीच. पहिली केस घेण्याआधी दोन कागद तयार ठेव म्हणावं. एक करारपत्र, ज्यात किती भेटी, कळांच्या कितव्या तासानंतर दुसरी डूला येईल, मानधन कधी आणि बाळंतपणानंतरच्या दोन भेटी कोणत्या आठवड्यात, हे स्पष्ट असेल. दुसरा, बदली डूलेचं नाव आणि तिला देण्याची रक्कम. आणि ज्या हॉस्पिटलात जायचं तिथे डूलाला पाहुण्यांच्या संख्येत धरतात की वेगळं, हे आठ महिने भरायच्या आत फोन करून विचारून घ्यावं. उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख टिपून ठेवावी, म्हणजे मध्यरात्री दाराशी अडवलं तर दाखवता येईल.